बोललेला भाव आणि बांधलेला भाव : क्रेडिट डिफॉल्ट स्वॅपच्या दिवसअखेरच्या किमतीचं प्रकरण

जुलै २००७ च्या अखेरीस गोल्डमन सॅक्स या गुंतवणूक बँकेने एआयजी या अमेरिकी विमा कंपनीच्या फायनान्शियल प्रॉडक्ट्स या शाखेकडे १८० कोटी डॉलर तारण मागितलं. एआयजीने मागणी मान्य केली नाही. थोड्याच दिवसांत ती १२० कोटींवर आली आणि १० ऑगस्टला एआयजीने ४५ कोटी डॉलर भरले. वाद तिथे मिटला नाही, पुढे वर्षभर चालला.

हिशेब कुणाचाही चुकला नव्हता. दोन्हीकडे गणितात पारंगत माणसं होती, करार लेखी होता, तारण कधी द्यायचं याचं सूत्रही त्यात होतं. सूत्रात घालायचा एक आकडा मात्र कुणापाशी नव्हता : ज्या गृहकर्ज-रोख्यांच्या बुडण्याविरुद्ध एआयजीने गोल्डमनला संरक्षण दिलं होतं, त्यांची आजची किंमत. बाजारात ते रोखे विकलेच जात नव्हते. गोल्डमन आपल्या अंदाजाने कमी किंमत धरत होती, एआयजी जास्त. दोघांच्या अंदाजांमधलं अंतर म्हणजे एक अब्ज डॉलरहून मोठा वाद.

१६ सप्टेंबर २००८ ला अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने एआयजीला ८५ अब्ज डॉलरचं कर्ज जाहीर केलं. एआयजी का बुडत होती याची उत्तरं पुष्कळ आहेत. मी हे प्रकरण अभ्यासायला घेतलं ते त्यातल्या एकाच धाग्यासाठी. ज्या वस्तूची रोज खरेदी-विक्री होत नाही तिचा रोजचा भाव कोणी सांगायचा, आणि सांगणारा खरं बोलतोय याची खात्री नियामकाने कशी करायची? या प्रश्नावर अमेरिकी नियामकांनी मार्च २००९ मध्ये एक तात्पुरता मार्ग काढला. तो कायमच्या नियमात यायला २०२३ उजाडलं.

वस्तू कोणती, घर कोणतं

क्रेडिट डिफॉल्ट स्वॅप, म्हणजे सीडीएस, हे कर्ज बुडण्याविरुद्धचं संरक्षण असतं. समजा, एखाद्या कंपनीचे एक कोटी डॉलरचे रोखे माझ्याकडे आहेत. मी तुम्हाला वर्षाला ठरावीक हप्ता देते आणि कंपनी बुडाली तर तुम्ही माझं नुकसान भरून देता. हप्ता बेसिस पॉइंटमध्ये, म्हणजे टक्क्याच्या शंभराव्या भागात मोजतात. कंपनीवरचा विश्वास घटला की नव्या संरक्षणाचा हप्ता वाढतो आणि माझा जुना, स्वस्तातला करार मौल्यवान होतो. विम्याशी साम्य आहे, पण एक फरक मोठा आहे. रोखे जवळ नसतानाही संरक्षण घेता येतं. त्यामुळे मूळ कर्जाहून करारांचा डोंगर कितीतरी मोठा होऊ शकतो. बासलच्या बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्सच्या मोजणीनुसार २००७ अखेर अशा करारांची दर्शनी रक्कम सुमारे ५८ लाख कोटी डॉलर होती.

हे सगळे करार दोन पक्षांनी आपसात, बहुतेकदा फोनवर ठरवलेले. कुणाचं कुणाकडे किती अडकलंय ते बाहेरून दिसत नसे. लीमन ब्रदर्स ही गुंतवणूक बँक बुडाल्यावर १० ऑक्टोबर २००८ ला तिच्या रोख्यांचा लिलाव झाला आणि किंमत निघाली शंभराला ८.६२५. संरक्षण विकणाऱ्याला शंभरामागे ९१.३७५ देणं आलं. नोंदणीत लीमनवरचे करार सुमारे ७२ अब्ज डॉलरचे होते, पण देण्या-घेण्याची वजाबाकी झाल्यावर प्रत्यक्ष हातबदल झाला तो सुमारे ५२० कोटींचा. ही वजाबाकी आधी कुणाला दिसत नव्हती, म्हणून महिनाभर सगळ्या बाजाराने श्वास रोखून धरला होता.

उपाय जुनाच होता : मधे क्लिअरिंगहाऊस बसवायचं. सौदा झाला की ते घर विकणाऱ्यासाठी खरेदीदार आणि खरेदीदारासाठी विक्रेता होतं. रोज संध्याकाळी प्रत्येक कराराची त्या दिवसाची किंमत काढली जाते. ज्याचं नुकसान झालं त्याच्याकडून रोख घेऊन ज्याचा फायदा झाला त्याला दिली जाते. याशिवाय प्रत्येकाने आधीच भरलेली अनामत, म्हणजे मार्जिन असतं, आणि वर सगळ्यांनी मिळून भरलेला हमी निधी. नुकसान साठू द्यायचं नाही, हाच त्यामागचा विचार. एआयजीच्या बाबतीत ते महिनोन्‌महिने साठत गेलं होतं.

मार्च २००९ मध्ये आइस ट्रस्ट या न्यूयॉर्कच्या संस्थेने सीडीएसचं क्लिअरिंग सुरू केलं. त्याच वर्षी जुलैत लंडनला आइस क्लिअर युरोपचं काम सुरू झालं, डिसेंबरमध्ये शिकागोच्या सीएमईचं. पॅरिसमधल्या एलसीएचच्या संस्थेने पुढच्या वर्षी हे काम हाती घेतलं.

घर उभं राहिलं, पण एआयजीचा प्रश्न त्याच्या दारात तसाच होता. रोजची देवाणघेवाण रोजच्या भावावर चालते, आणि एकेका कंपनीच्या सीडीएसचे सौदे इतके विरळ की कित्येक नावांत दिवसभरात एकही होत नाही. शेअरबाजारात शेवटचा सौदा पाहून भाव लिहिता येतो. इथे शेवटचा सौदा कदाचित आठवड्यापूर्वीचा असेल, तोही दुसऱ्याच मुदतीचा.

सभासदांना विचारायचं, पण कसं

म्हणून भाव सभासदांनाच विचारायचा असं ठरलं. ज्या सभासद बँकेचं ज्या नावात देणं-घेणं शिल्लक आहे, तिने रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळेत त्या नावाचा आपला भाव पाठवायचा. दुसऱ्या कुणाला माहीत असणार? हे करार करणारे, त्यांची जोखीम पोटात घेऊन बसलेले तेच.

इथे दोन धोके आहेत आणि दोन्ही मानवी आहेत. एक स्वार्थाचा. जिने संरक्षण विकत घेऊन ठेवलंय ती बँक भाव चढा सांगेल, कारण भाव चढला की आज रात्री तिच्या खात्यात रोकड येते. विकणारी उतरता सांगेल. दहा-बारा बँका भाव देत असतील तर एकीचं खोटं गर्दीत बुडून जाईल. तीनच असतील तर नाही. दुसरा धोका आळसाचा, आणि माझ्या मते तोच जास्त खरा. शेकडो नावं, प्रत्येकाच्या अनेक मुदती, संध्याकाळची घाई. कालचाच आकडा पुन्हा पाठवला तर कोण विचारणार? अशा शिळ्या भावांत कुणाचा डाव नसतो. पण ज्या दिवशी कंपनी खरोखर कोसळते त्या दिवशी घराकडे त्या नावाचं मार्जिन अपुरं असल्याचं उघड होतं, आणि तोपर्यंत उशीर झालेला असतो.

आइसने काढलेला तोडगा समजून घेण्यासारखा आहे. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका कंपनीच्या पाच वर्षांच्या संरक्षणासाठी पाच सभासदांनी भाव पाठवले : ९९, १००, १०१, १०२ आणि ११८ बेसिस पॉइंट. खरेदी आणि विक्रीच्या दरांत किती अंतर धरायचं हे घर आधीच ठरवतं. समजा ते ४ आहे. मग प्रत्येक भावाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन धरून घराला पाच खरेदीचे आणि पाच विक्रीचे दर मिळतात. खरेदीचे वरून खाली मांडले : ११६, १००, ९९, ९८, ९७. विक्रीचे खालून वर : १०१, १०२, १०३, १०४, १२०. आता पहिल्या जोडीकडे बघा. एकजण ११६ ला घ्यायला तयार आहे आणि दुसरा १०१ ला द्यायला. खऱ्या बाजारात हा सौदा क्षणात झाला असता. दुसऱ्या जोडीत १०० आणि १०२, इथे सौदा जुळत नाही. म्हणजे बाजाराचा तोल १०१ च्या आसपास आहे. तोच दिवसअखेरचा भाव, आणि ११८ सांगणारा रांगेबाहेरचा.

इथवर ही एक हुशारीची सरासरी झाली. खरा दम पुढच्या पायरीत आहे. काही दिवशी, आणि कोणते दिवस ते सभासदांना आधी ठाऊक नसताना, घर असे जुळलेले सौदे खरोखर करायला लावतं. २००९ च्या व्यवस्थेत हे सौदे दिवसअखेरच्या ठरलेल्या भावाला व्हायचे होते. म्हणजे ११८ सांगणाऱ्याला १०१ ने संरक्षण विकत घ्यावं लागेल. त्याला ते खरोखर ११८ चं वाटत असेल तर ही त्याच्यासाठी पर्वणीच. खोटं बोलला असेल, किंवा न बघता आकडा टाकला असेल, तर नको असलेला करार त्याच्या गळ्यात पडतो. त्याचं मार्जिन भरायचं, आणि बाहेर पडताना पुन्हा खरेदी-विक्रीतलं अंतर सोसायचं. प्रामाणिक माणसाला या नियमाचा काहीच त्रास नाही. मला या रचनेत सगळ्यात आवडतं ते हेच. दंड ठरवायला इथे कुणी न्यायाधीश बसवावा लागत नाही.

मग हा शेअरबाजार झाला की काय?

आता कायद्याची गाठ. १९३४ च्या अमेरिकी कायद्याप्रमाणे रोख्यांचे (इथे शेअरसकट सगळ्या सिक्युरिटींचे) खरेदीदार आणि विक्रेते एकत्र आणण्याची सोय जो पुरवतो तो ‘एक्स्चेंज’. कलम ५ सांगतं की एक्स्चेंजने नोंदणी केलीच पाहिजे, कलम ६ नोंदणीच्या अटी घालतं. १९९८ मध्ये सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनने, म्हणजे एसईसीने, ही व्याख्या आणखी नेमकी केली : अनेक खरेदीदार आणि विक्रेत्यांच्या ऑर्डर ठरलेल्या, स्वेच्छाधिकार नसलेल्या पद्धतीने एकत्र येत असतील तर ते एक्स्चेंज.

वरचं उदाहरण पुन्हा आठवा. अनेक सभासद, दर वरून खाली आणि खालून वर, ठरलेलं सूत्र, जुळले की सौदा. व्याख्येतला शब्द न् शब्द इथे लागू पडतो. किंमत प्रामाणिक राहावी म्हणून घातलेली अट क्लिअरिंगहाऊसला नोंदणी न केलेला बाजार बनवत होती, आणि त्यात भाग घेणाऱ्या दलाल-सभासदांनाही अडचणीत आणत होती. भरीला, सीडीएस हा कायद्याच्या नजरेत ‘रोखा’ आहे की नाही हेही तेव्हा धूसर होतं. २००० च्या कायद्याने अशा करारांना रोख्याच्या व्याख्येबाहेर ठेवलं होतं, पण कुठल्या अटींवर, याबद्दल वकिलांत एकमत नव्हतं.

एसईसीपुढे तीन वाटा होत्या. सक्तीचे सौदे बंद करायला सांगायचं आणि नुसते बोललेले भाव चालू द्यायचे. किंवा पूर्ण एक्स्चेंजची नोंदणी मागायची. त्यात वर्ष-दोन वर्षं गेली असती आणि तोवर बाजार पुन्हा फोनवरच चालला असता. तिसरी वाट सूट देण्याची. मार्च २००९ च्या आदेशात एसईसीने ती घेतली आणि कारणही स्पष्ट लिहिलं : अधूनमधून सौदा करावा लागेल या जाणिवेने सभासद आपला सर्वोत्तम अंदाज देतील, आणि त्यामुळे घराला योग्य मार्जिन लावता येईल. सूट सुरुवातीला सुमारे नऊ महिन्यांची होती, पुढे वाढवत नेली.

या सवलतीला अटी होत्या, आणि या प्रकरणाचा गाभा मला त्या अटींत दिसतो. दर तिमाही संपल्यावर ३० दिवसांत आइस ट्रस्टने एसईसीला कळवायचं की किंमत ठरवण्याच्या या प्रक्रियेतून एकूण किती सौदे झाले, किती रकमेचे, आणि कोणत्या नावात. हे अहवाल पाच वर्षं जपून ठेवायचे. सभासदांची गोपनीय माहिती फुटणार नाही अशी व्यवस्था करायची. आणि दिवसअखेरचे भाव वाजवी, भेदभाव न करणाऱ्या अटींवर लोकांना उपलब्ध करून द्यायचे.

पहिली अट कारकुनी वाटते, पण ती नियामकाच्या हातात एक मोजपट्टी देते. सक्तीचे सौदे शून्यावर आले तर त्याचे दोनच अर्थ होतात : सगळे अचूक भाव देताहेत, किंवा सगळे एकमेकांकडे बघून भाव देताहेत. कोणता अर्थ खरा हे आकडा सांगत नाही, पण कुठे जाऊन विचारायचं ते सांगतो. गोपनीयतेची अटही तितकीच व्यवहारी आहे. कुठली बँक कुठल्या नावात भाव देते यावरूनच तिचं देणं-घेणं कुठे आहे ते कळतं. तिच्या गळ्यात आज नको तो करार पडलाय हे कळलं, तर उद्या सकाळी अख्खा बाजार तिच्या विरुद्ध बाजूला उभा राहील.

भाव खुले करण्याच्या अटीचं महत्त्व सामान्य वाचकाला पटकन जाणवणार नाही. २००७ मध्ये एआयजी-गोल्डमनच्या वादात तिसऱ्या कुणाचा अधिकृत आकडा समोर ठेवता येत नव्हता. रोजचा भाव प्रसिद्ध होऊ लागल्यावर, क्लिअरिंगच्या बाहेर केलेल्या करारांनाही एक फूटपट्टी मिळाली.

आणि अटींत काय नाही तेही बघायला हवं. योग्य भाव कोणता, हे एसईसी कुठेही सांगत नाही. सूत्रही तिने स्वतः लिहिलं नाही. भाव सांगणाऱ्यावर जबाबदारी आहे ना, आणि त्याची नोंद आमच्यापर्यंत येते ना, एवढंच तिने पाहिलं.

त्याच काळातला दुसरा भाव

हा मार्ग योग्य होता असं मी म्हणते, त्याचं कारण लंडनमध्ये सापडतं. लायबोर हा व्याजदरही असाच विचारून ठरत होता. बँकांचं एक मंडळ, रोजचा एक प्रश्न : तुम्हाला आज किती दराने कर्ज मिळेल? टोकाचे आकडे वगळायचे, उरलेल्यांची सरासरी. पण सांगितलेल्या दराने एक पैसाही उचलायचं बंधन कुणावर नव्हतं. २७ जून २०१२ ला बार्कलेजला अमेरिकी आणि ब्रिटिश यंत्रणांनी मिळून सुमारे २९ कोटी पौंडांचा दंड केला आणि वर्षानुवर्षं चाललेली फेरफार उघड झाली. नंतर आणखी बँकांची नावं आली.

दोन्हीकडे भाव देणाऱ्या बँका बऱ्याचशा त्याच. फरक एवढाच की एकीकडे बोललेला भाव अंगावर येऊ शकत होता, दुसरीकडे नाही. म्हणून सीडीएसच्या बाजारात सगळं स्वच्छ होतं असा दावा मी करणार नाही. तिथल्या स्पर्धेत अडथळे आणल्याच्या आरोपांवरून बारा मोठ्या बँका आणि इतर प्रतिवादींनी २०१५ मध्ये गुंतवणूकदारांशी सुमारे १८६ कोटी डॉलरची तडजोड केली. तो वाद क्लिअरिंगहाऊसच्या दिवसअखेरच्या भावाचा नव्हता, पण भाव देणारं वर्तुळ किती लहान आहे ते त्यातून दिसलं.

याच्या उलटं एक उदाहरणही विचारात घ्यायला हवं. २०११ मध्ये व्याजदर स्वॅपच्या एका नव्या वायद्यात क्लिअरिंगहाऊस दिवसाच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत आलेल्या बोलींवरून भाव ठरवत होतं. सौदे होतच नव्हते. शिकागोच्या डीआरडब्ल्यू कंपनीने त्या वेळात सातत्याने चढ्या बोली लावल्या. वायदे बाजाराचा नियामक सीएफटीसी, याने २०१३ मध्ये तिच्यावर भाव-फेरफारीचा खटला भरला. नोव्हेंबर २०१८ मध्ये न्यायाधीश रिचर्ड सलिव्हन यांनी तो फेटाळला. बोली खऱ्या होत्या, समोरून कुणीही त्या स्वीकारू शकलं असतं, आणि कंपनीला त्या करारांचं मोल खरोखर तेवढं वाटत होतं, हे न्यायालयाने मान्य केलं. बोलीला कुणी हात लावू शकतो का, या प्रश्नालाच इथेही वजन मिळालं. पण घराने नियम नीट घडवले असते तर हा वाद न्यायालयात जावाच लागला नसता.

डॉड-फ्रँकनंतर

२१ जुलै २०१० ला डॉड-फ्रँक या अमेरिकेच्या वित्तीय सुधारणा कायद्यावर सही झाली आणि धूसरपणा बराच गेला. एका कंपनीवरचा किंवा मोजक्या कंपन्यांच्या निर्देशांकावरचा, म्हणजे एकत्र बांधलेल्या गटावरचा, सीडीएस एसईसीकडे, मोठ्या निर्देशांकांवरचा सीएफटीसीकडे. जुलै २०११ मध्ये आइस ट्रस्टची आइस क्लिअर क्रेडिट झाली आणि तिची दोन्हीकडे नोंद झाली. एकाच संध्याकाळी, त्याच खिडकीत, तेच सभासद भाव पाठवतात. अर्धे भाव एका नियामकाच्या अखत्यारीत, अर्धे दुसऱ्याच्या. दोन्हींच्या नियमांत मागणी जवळपास सारखी आहे : भावाचा स्रोत वेळेवर मिळणारा आणि भरवशाचा हवा, आणि तो नसेल तेव्हा काय करायचं याची लेखी पद्धत आणि पारखलेलं गणिती प्रारूप (मॉडेल) हवं. क्लिअरिंगहाऊससारख्या संस्थांसाठीच्या एप्रिल २०१२ च्या आंतरराष्ट्रीय तत्त्वांतही हेच आहे.

नोंदणीमुळे आणखी एक झालं. किंमत ठरवण्याच्या धोरणात बदल करायचा तर घराला तो एसईसीपुढे मांडावा लागतो आणि लोकांच्या हरकतींसाठी प्रसिद्ध होतो. खरेदी-विक्रीतलं अंतर अस्थिर दिवसांत किती रुंद करायचं, निर्देशांकावरच्या ऑप्शनचे भाव कसे काढायचे, असे प्रश्न उघड्यावर आले. हे दस्तऐवज वाचायला रुक्ष असतात. पण त्यातला एकेक आकडा कुणाच्या तरी मार्जिनमध्ये उतरतो. अंतर रुंद केलं की रांगेबाहेरचे भाव कमी सापडतात आणि सक्तीचे सौदे घटतात. अरुंद केलं तर खळबळीच्या दिवशी प्रामाणिक माणसालाही नको ते करार गळ्यात घ्यावे लागतात. वरच्या उदाहरणात ४ ऐवजी २० धरून बघा : ११८ वाला सुटून जातो.

नियामकाच्या हाताला मर्यादा घालणारी एक गोष्ट आहे, आणि तिच्याकडे फार लोक बघत नाहीत. मोठ्या निर्देशांकांचं क्लिअरिंग सीएफटीसीने २०१३ पासून सक्तीचं केलं. एकेका कंपनीवरच्या सीडीएसला एसईसीने अशी सक्ती लावलेली नाही. म्हणजे जिथे सौदे सर्वांत विरळ, जिथे भाव सांगणारे सर्वांत कमी, तिथेच सभासदाला क्लिअरिंगबाहेर राहण्याची मुभा आहे. भाव देण्याच्या अटी फार जाचक केल्या तर सभासद निघून जातील आणि करार पुन्हा दोघांतल्या दोघांत होतील. ढिल्या केल्या तर भाव शिळा होईल. या ओढाताणीत २००९ पासून रेष हलत राहिली आहे.

दरम्यान घरंच कमी झाली. सीएमई २०१८ मध्ये सीडीएसमधून बाहेर पडली, आइस क्लिअर युरोपने ऑक्टोबर २०२३ मध्ये हे काम थांबवलं. जपानची व्यवस्था सोडली तर न्यूयॉर्क-शिकागोच्या बाजूला आइस क्लिअर क्रेडिट आणि युरोपात पॅरिसची एलसीएच, एवढंच उरलं.

नोव्हेंबर २०२३ मध्ये एसईसीने सिक्युरिटी-बेस्ड स्वॅपच्या, म्हणजे तिच्या अखत्यारीतल्या स्वॅपच्या, व्यवहारमंचांसाठी नियमावली मंजूर केली. त्यातच, किंमत ठरवण्यासाठी असे सक्तीचे सौदे घडवणाऱ्या नोंदणीकृत क्लिअरिंग संस्थांना ‘एक्स्चेंज’च्या व्याख्येतून सूट देणारं कलम आलं. चौदा वर्षं तुकड्या-तुकड्यांच्या आदेशांवर चाललेली गोष्ट नियमात बसली. त्याच वर्षी ३० जूनला डॉलर लायबोरचे, बँकांच्या मंडळाला विचारून ठरणारे उरलेले दर बंद झाले होते.

आपल्याकडे आणि पुढे

भारतात रिझर्व्ह बँकेने कंपन्यांच्या रोख्यांवरच्या सीडीएसला डिसेंबर २०११ पासून परवानगी दिली आणि २०२२ मध्ये नियम नव्याने लिहिले, पण तो बाजार फारसा उभा राहिलेला नाही. प्रश्न मात्र आपल्या ओळखीचा आहे. २०१८ मध्ये पायाभूत सुविधांना पैसा पुरवणारी आयएल अँड एफएस ही कंपनी थकल्यावर एकाच कंपनीचा रोखा वेगवेगळ्या म्युच्युअल फंडांच्या वहीत वेगवेगळ्या किमतींना दिसत होता, आणि तोटा पोहोचला तो ठाण्या-नाशिकच्या निवृत्त गुंतवणूकदारांपर्यंत. सेबीने पुढच्या वर्षी मूल्यांकनाचे नियम कडक केले. शिवाय परदेशी बँकांच्या पुण्या-मुंबईतल्या कार्यालयांत रोज किमती पडताळणारी कितीतरी मराठी मुलं-मुली आहेत. आपण तपासतो त्या आकड्यामागे ही सगळी घडण आहे हे त्यांना कुणी सांगितलेलं असतंच असं नाही.

या प्रकरणात मला अजून सलतं ते वेगळंच. दिवसअखेरचा भाव ठरवताना बोलतात ते फक्त सभासद, म्हणजे मोठ्या बँका. पेन्शन फंड, विमा कंपन्या आणि इतर ग्राहक त्यांच्यामार्फत क्लिअरिंग करतात. त्या भावाने त्यांच्या खात्यातून रोकड जाते किंवा येते, पण भाव सांगण्याचा हक्क त्यांना नाही, आणि भाव चुकीचा वाटला तर हरकत घ्यायची ती त्याच सभासदामार्फत. २००९ च्या आदेशाने प्रकाशित भाव सर्वांना खुले केले. कुठल्या नावात त्या दिवशी किती सभासदांनी भाव दिले आणि त्यातले किती रांगेबाहेर गेले, ही माहितीसुद्धा नावं न सांगता, काही दिवसांच्या अंतराने, ग्राहकांना मिळायला हवी. तीन जणांनी सांगितलेला भाव आणि बारा जणांनी सांगितलेला भाव यांत ज्याचे पैसे अडकलेत त्याला फरक कळायला हवा. तिमाही अहवालाची अट एसईसीला हे दिसावं म्हणून होती. तोच अहवाल, नावं झाकून, ग्राहकापुढे ठेवायला कायद्यात नवं काहीच लिहावं लागणार नाही असं नाही. पण गोपनीयतेचा जो धोका आहे तो काही आठवड्यांच्या विलंबाने बराचसा सुटतो, आणि सक्तीच्या सौद्यांचा नियम लिहिताना एसईसीने याहून अवघड गाठ सोडवली होती.